मानसिक आरोग्याच्या समाजकार्यात संशोधन वापरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

टिपणवही

'आमचं काम पुराव्यावर आधारित आहे' हे वाक्य आता प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावात असतं. त्याचा अर्थ विचारला की उत्तर येतं, 'आम्ही सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी समुपदेशनाची एक पद्धत) वापरतो.' घोडं इथेच पेंड खातं.

१९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीची जी मांडणी केली तीत तीन गोष्टी होत्या: उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, काम करणाऱ्याचं कौशल्य, आणि समोरच्या माणसाला काय हवं आहे ते. पुढे पहिली गोष्ट तेवढी उरली आणि तिचीही 'मान्यताप्राप्त उपचारांची यादी' झाली. खरी पद्धत पाच पायऱ्यांची आहे: प्रश्न नीट मांडणं, पुरावा शोधणं, तो तपासणं, या माणसाला लागू करणं, आणि फरक पडला का ते मोजणं.

बहुतेकांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. 'स्किझोफ्रेनियात समुपदेशनाचा उपयोग होतो का?' या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण कोणाला, कसलं समुपदेशन आणि कशाच्या तुलनेत, यातलं काहीच त्यात नाही. तोच प्रश्न असा लिहा: 'स्किझोफ्रेनिया असलेला, आईवडिलांबरोबर राहणारा, वर्षात दोनदा दाखल करावा लागलेला तरुण. नेहमीच्या उपचारांना कुटुंबासोबतच्या सत्रांची जोड दिली, तर नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा पुढच्या वर्षभरात पुन्हा दाखल व्हायची वेळ कमी येते का?' यात माणूस, हस्तक्षेप (म्हणजे आपण देणार ती मदत), तुलना आणि परिणाम हे चारही भाग आले. शोधायचे शब्दही यातूनच निघतात.

शोध वरून खाली करावा. आधी मार्गदर्शक तत्त्वं (उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची, जागतिक आरोग्य संघटनेची), मग कॉक्रेन या संस्थेचे पद्धतशीर आढावे (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारे), सामाजिक कार्यक्रमांसाठी कॅम्पबेल या संस्थेचे, आणि सगळ्यात शेवटी सुटी चाचणी, म्हणजे गट पाडून तुलना करणारा एखादा अभ्यास. उलट्या क्रमाने गेलात तर पहिला सापडलेला पेपर डोक्यात घट्ट बसतो आणि नंतरचं सगळं त्याच्या बाजूने वाचलं जातं.

वरच्या प्रश्नाचं उत्तर 'नाइस'च्या शिफारशीत मिळतं: कुटुंबासोबत किमान १० नियोजित सत्रं, ३ महिने ते १ वर्ष या काळात, शक्य असेल तर रुग्णालाही सोबत घेऊन. म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी आईवडिलांना अर्धा तास बसवून आजार समजावला आणि फाइलवर 'फॅमिली इंटरव्हेन्शन केलं' असं लिहिलं, तर ते हे नव्हे. त्या अर्ध्या तासाचा उपयोग नसतो असं नाही, पण ज्याला पुरावा आहे ती गोष्ट वेगळी.

नवशिक्या

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक प्रश्न आहे. पूर्ण पेपर बहुतेक वेळा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, गोषवारा तेवढा दिसतो. तो वाचून निर्णय घ्यावा का? आणि पूर्ण पेपर मिळालाच तर आधी काय वाचायचं? संख्याशास्त्राचा भाग आला की डोळे मिटतात.

आकडेमोड

गोषवाऱ्यावर निर्णय नको. त्यातलं शेवटचं वाक्य तर आधी वाचूच नका, ती लेखकाची इच्छा असते. पेपर अडला असेल तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा, बरेच जण प्रत पाठवतात. कॉक्रेनच्या आढाव्यांचे साध्या भाषेतले सारांश सर्वांना खुले असतात.

पूर्ण पेपर हातात आला की या क्रमाने बघा: कोणाला वगळलं, तुलना कशाशी केली, किती जण मध्येच सोडून गेले आणि त्यांना हिशेबात धरलं का, आणि शेवटी मोजलं काय. या चारांतच निम्मे पेपर गळतात.

तुलनेकडे विशेष लक्ष द्या. समोरचा गट नुसता 'प्रतीक्षा यादी'त असेल तर जवळजवळ कोणतीही गोष्ट उपयोगी दिसते. थांबून राहिलेला माणूस स्वतःहूनही काही करत नाही, आपली पाळी यायची वाट बघतो. दुसऱ्या एखाद्या ठीकठाक सेवेशी तुलना असेल तर फरक आटतो, आणि जो उरतो तो जास्त विश्वासाचा.

आता टक्क्यांची गंमत. आत्महत्येच्या विचारांमुळे तातडीच्या विभागात आलेल्यांवरचा स्टॅन्ली-ब्राउन यांचा २०१८ चा अभ्यास घ्या. एकूण १,६४० जण. एका गटाला लेखी सुरक्षा योजना (धोक्याच्या क्षणी काय करायचं याची यादी) आणि घरी गेल्यावर फोन, दुसऱ्याला नेहमीची सेवा. सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन पहिल्या गटात ३.०३ टक्के, दुसऱ्यात ५.२९ टक्के. बाहेर बातमी जाते ती 'सुमारे ४५ टक्के घट' अशी. आता साधी वजाबाकी करा: ५.२९ वजा ३.०३ म्हणजे २.२६. शंभराला २.२६ ने भागा, ४४ येतात. एका माणसाच्या बाबतीत असा प्रसंग टळावा म्हणून ही सेवा ४४ जणांना द्यावी लागली. माझ्या मते हा आकडा चांगलाच आहे, कारण सेवा स्वस्त आहे आणि टळतं ते फार मोठं आहे. पण '४५ टक्के' ऐकून मनात जे चित्र उभं राहतं ते हे नाही.

याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, वेगवेगळ्या रुग्णालयांची तुलना होती. त्यामुळे सगळं श्रेय योजनेला देता येत नाही. आणि फोन हा सेवेचा भाग होता: किमान दोन, पहिला ७२ तासांच्या आत. योजनेचा कागद भरून घेतला आणि फोनच केला नाही, तर हा पुरावा तुमच्या कामाला लागू नाही.

दुसरीबाजू

हे सगळं मान्य करूनही एक शंका राहते. चाचण्यांत येणारी माणसं निवडून घेतलेली असतात. एकच निदान, व्यसन नाही, पत्ता कायमचा, ठरल्या वेळी येणारी. समाजकार्याकडे येणाऱ्याला नैराश्य असतं, दारू असते, घरमालकाची नोटीस असते आणि मुलांच्या ताब्याचा वादही. त्याला '१२ सत्रांचं मॅन्युअल' कुठे बसवणार? पुरावा निदानांचा असतो, आपण माणसाच्या आयुष्यात काम करतो.

टिपणवही

@दुसरीबाजू, अर्धी शंका रास्त आहे. पण 'माझा क्लायंट चाचणीतल्यांसारखा नाही' एवढ्यावर थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: तो ज्या बाबतीत वेगळा आहे, त्यामुळे परिणाम बदलेल असं मानायला कारण आहे का? वय दहा वर्षांनी जास्त आहे, तर बहुधा नाही. रोज नशेत असतो आणि हस्तक्षेप मात्र घरी करायच्या लेखी अभ्यासावर उभा आहे, तर नक्कीच आहे. हे कारण फाइलमध्ये एका वाक्यात लिहावं. कारण लिहिता येत नसेल तर ती सबब आहे असं समजावं.

आणि पुरावा फक्त निदानांचा असतो हे बरोबर नाही. नोकरी, घर, रुग्णालयातून समाजात परतणं, या विषयांवर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. @निळीशाई, नोकरीसाठीच्या 'आयपीएस' (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) या पद्धतीबद्दल लिहाल का?

निळीशाई

लिहिते. आयपीएस म्हणजे गंभीर मानसिक आजार असलेल्यांना खुल्या बाजारातली, पगाराची नोकरी मिळवून देऊन ती टिकवायला मदत करायची पद्धत. जुनी रीत 'आधी प्रशिक्षण, मग संरक्षित कार्यशाळा (फक्त अशा माणसांसाठीचं वेगळं कामाचं ठिकाण), मग जमलं तर नोकरी' अशी होती. आयपीएस हा क्रम उलटवते: आधी नोकरी शोधा, शिकवायचं ते कामावर असताना शिकवा.

युरोपातल्या सहा केंद्रांवर झालेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या. ३१२ जण, सगळे गंभीर आजाराचे आणि किमान वर्षभर बेकार. आयपीएस गटातल्या ५५ टक्क्यांना काम मिळालं, जुन्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना. आकडेमोड विचारायच्या आधी मीच सांगते, 'काम मिळालं' याची व्याख्या किमान एक दिवस काम अशी होती. फरक खरा आहे, पण '५५ टक्के स्थिरस्थावर झाले' असं कोणी सांगितलं तर हात वर करा.

@दुसरीबाजू, या पद्धतीचं एक तत्त्वच असं आहे की ज्याला काम करायचं आहे त्याला निदान, लक्षणं किंवा व्यसन यांच्या कारणाने बाहेर ठेवायचं नाही. तुम्ही म्हणता तीच माणसं.

राबवताना हे हमखास बिघडतं:

नोकरी शोधणारा कार्यकर्ता वेगळ्या इमारतीत बसतो आणि उपचार करणाऱ्या टीमच्या बैठकीला येत नाही. मग औषधाचा डोस वाढून सकाळी झोप अनावर होते हे त्याला कळत नाही, आणि तो सकाळच्या पाळीचं काम शोधत राहतो.

एकाच्या डोक्यावर चाळीस माणसं देतात. निकष २० किंवा त्याहून कमी असा आहे. वीसच्या वर गेलं की मालकांना भेटणं बंद होतं आणि जाहिराती बघून अर्ज भरणं सुरू होतं.

'आधी तयारी होऊ दे' हे मागच्या दाराने परत येतं. मालकाशी पहिली प्रत्यक्ष भेट कार्यक्रमात आल्यापासून साधारण ३० दिवसांत व्हायला हवी. तीन महिने बायोडेटाच लिहीत बसलेला कार्यक्रम आयपीएस नाही.

काम मूळ पद्धतीला धरून चाललंय का हे तपासायला २५ मुद्द्यांची 'फिडेलिटी' पट्टी आहे. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५, एकूण १२५. शंभर आणि वर चांगलं, ७३ किंवा खाली असेल तर त्या कामाला हे नाव लावू नये. ही पट्टी स्वतःच्या टीमने स्वतःला लावू नका, शेजारच्या टीमला बोलवा. स्वतःचे गुण सगळेच वाढवून देतात.

दुसरीबाजू

हे 'बाहेर न ठेवण्याचं' तत्त्व माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. पण मग फेरफार अजिबात करायचा नाही का? दुसऱ्या समाजात घडलेलं मॉडेल जसंच्या तसं उचलणं हाही अन्यायच.

पाणवठा

फेरफार करायचा, पण कुठे करायचा ते ठरवून. झिम्बाब्वेतल्या 'फ्रेंडशिप बेंच'चं काम बघा (चिबांडा आणि सहकारी, २०१६). दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून प्रशिक्षित स्थानिक आरोग्य कार्यकर्त्या सहा सत्रं घेत. 'डिप्रेशन' हा शब्द वापरला नाही. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे फार विचार करत राहणं, तोच शब्द घेतला. म्हणजे जागा, भाषा आणि काम करणारी व्यक्ती, हे सगळं बदललं. आतला गाभा मात्र समस्या-निराकरणाचाच: अडचणींची यादी, त्यातली एक निवडायची, करता येईल असा उपाय ठरवायचा, पुढच्या वेळी काय झालं ते बघायचं. भाषा बदलली तर पद्धत जिवंत राहते. 'वेळ नाही' म्हणून शेवटची पायरी गाळली तर उरतात त्या गप्पा.

आता दुसरी, थोडी कडू गोष्ट. 'उपयोग नाही झाला तरी नुकसान तर नाही ना' असं आपल्या क्षेत्रात फार सहज म्हटलं जातं. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेत केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास १९३९ मध्ये सुरू झाला. ५०६ मुलगे, जोड्या लावून, नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला: घरी भेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, वैद्यकीय मदत, सरासरी पाच वर्षं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. पण दारूचं व्यसन, पुन्हा गुन्हा, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा बाबतींत मदत मिळालेला गटच मागे होता. तुलनेचा गट नसता तर त्या कृतज्ञ शब्दांवर अहवाल लिहिला गेला असता.

दुर्घटनेनंतर लगेच माणसाला बसवून प्रसंग तपशिलात बोलायला लावणारं एका बैठकीचं 'डीब्रीफिंग' याच जातीचं. कॉक्रेनच्या आढाव्यात त्याने पुढचा आघातजन्य ताण टळल्याचं दिसलं नाही, आणि काही ठिकाणी त्रास वाढल्याची चिन्हं दिसली. जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका असंच सांगते. त्याऐवजी सुरक्षितता, पाणी, नातेवाइकांशी संपर्क, बोलायचं असेल तर ऐकणं आणि बोलायचं नसेल तर गप्प बसू देणं. तरीही कोणतीही मोठी घटना घडली की पहिली मागणी डीब्रीफिंगचीच येते.

नवशिक्या

पाणवठा, हा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून एक विचारतो. आत्महत्येच्या जोखमीचा स्कोअर भरून 'कमी, मध्यम, जास्त' असं लिहायचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी सक्तीचा असतो. त्याला पुरावा आहे का?

आकडेमोड

भाकितासाठी नाही. २०१७ मध्ये फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र केले. ज्ञात जोखीम घटकांवरून वर्तवलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा किंचितच बरं निघालं. 'नाइस'च्या २०२२ च्या स्वतःला इजा करण्यासंबंधीच्या तत्त्वांत तर स्पष्ट आहे: पुढची आत्महत्या किंवा पुन्हा इजा वर्तवण्यासाठी स्कोअर वापरू नका, आणि कोणाला उपचार द्यायचे, कोणाला घरी पाठवायचं हे त्यावरून ठरवू नका.

असं का होतं ते कागदावर करून बघा. समजा १,००० माणसं आली आणि त्यांपैकी १० जण खरोखर ते पाऊल उचलणार आहेत. स्कोअर चांगला आहे असं धरू: खऱ्यांपैकी ८० टक्के पकडतो, बाकीच्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडतो. १० पैकी ८ पकडले. उरलेल्या ९९० पैकी २० टक्के म्हणजे १९८ जणांवरही 'जास्त जोखीम' असा शिक्का बसला. शिक्का बसलेले एकूण २०६, त्यांत खरे ८, म्हणजे शंभरात चारही नाहीत. आणि ज्यांना 'कमी' लिहून घरी पाठवलं त्यांत २ जण होते. घटना दुर्मीळ असली की चांगल्या पट्टीचीही ही गत होते.

फॉर्म सक्तीचा असेल तर भरा, पण सेवा त्यावर तोलू नका. प्रत्येकाशी त्याच्या गरजांबद्दल बोला आणि सुरक्षा योजना करा.

निळीशाई

सुरक्षा योजनेबद्दल जोडते, कारण ती भरताना फार पाट्या टाकल्या जातात. सहा टप्पे: धोक्याच्या खुणा, स्वतः एकट्याने करता येईल ते, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, ज्यांच्याकडे मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदत, आणि घरातली साधनं दूर करणं.

पहिल्या टप्प्यात 'अस्वस्थ वाटणं' लिहिलं की योजना तिथेच मेली. अस्वस्थ तर रोजच वाटतं. 'रात्री दोननंतर जागा असतो, फोन उलटा ठेवतो, बहिणीच्या मेसेजला उत्तर देत नाही' असं लिहा, त्याच्या शब्दांत आणि शक्यतो त्याच्या हाताने. तिसऱ्या टप्प्यातल्या माणसाला काही सांगायची गरज नसते, चौथ्यातल्याला सांगायचं असतं. हे दोन टप्पे सर्रास एक केले जातात. प्रत्येक ओळीनंतर विचारा, 'हे करायला काय आड येईल?' उत्तर 'त्याचा नंबर माझ्याकडे नाही' असं आलं तर तिथेच नंबर शोधा. सहाव्या टप्प्यात साठवलेल्या गोळ्या कोणाच्या ताब्यात आणि आज किती वाजता, इथपर्यंत ठरवा.

'मी स्वतःला काही करणार नाही' असा करार सही करून घेण्याला पुरावा नाही. तो कागद संस्थेच्या समाधानासाठी असतो.

टिपणवही

पाचवी पायरी राहिली, मोजणं. इथे एक सापळा आहे. माणूस मदत मागतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काही न करताही आकडा थोडा खाली येतोच. म्हणून पहिला आणि शेवटचा अशा दोनच आकड्यांवर 'सुधारणा' लिहू नका. सुरुवातीच्या किमान ३, शक्यतो ५ नोंदी हस्तक्षेपाआधीच्या हव्यात. त्या रेषेचा कल आधीच खाली असेल तर नंतरच्या उताराचं श्रेय घेऊ नये. तातडी असेल तर या आधीच्या नोंदींसाठी मदत थांबवू नका, तेवढा निष्कर्ष कच्चा राहील.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, तिची बेरीज २७ पर्यंत जाते. ५ गुणांचा बदल अर्थपूर्ण धरतात, एक-दोनाची वरखाली म्हणजे काहीच नाही. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे दर आठवड्याला भरून घेतली तर निम्मा काळ दोनदा मोजला जातो. दर आठवड्यासाठी क्लायंटसोबत ठरवलेली मोजता येणारी गोष्ट घ्या: किती दिवस घराबाहेर पडला, कितीदा कामावर वेळेत पोचला. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. फॉर्म घेतल्यावर तो त्या व्यक्तीसमोरच बघायचा, बेरीज संध्याकाळी करायची सवय धोक्याची आहे.

दुसरीबाजू

मुलाखतींवर आधारलेलं संशोधन या सगळ्यात कुठेच आलं नाही. सत्रांचा उपयोग होतो हे चाचणी सांगेल, पण लोक तिसऱ्या सत्रानंतर का येत नाहीत हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

टिपणवही

बरोबर, ते वरच्या लेखात यायला हवं होतं. प्रश्न 'उपयोग होतो का' असा असेल तर चाचण्या, 'कसं वाटतं, काय आड येतं' असा असेल तर मुलाखती. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे मागितलं की गोंधळ होतो. कुटुंबसत्रांना वडील येत नसतील तर अजून दहा चाचण्या वाचून ते येणार नाहीत.

नवशिक्या

शेवटचा प्रश्न. सहा-आठ आठवडे झाले, रेषा जागची हलत नाही, पण क्लायंट म्हणतो 'मला इथे यायला आवडतं'. मग?

आकडेमोड

आधी बघा की ठरलं होतं तेच झालं का. आठपैकी तीनच सत्रं झाली असतील तर पद्धतीला दोष देऊ नका. सगळी झाली असतील तर त्याला आलेख दाखवा आणि विचारा. कदाचित त्याला हवं होतं ते आपण मोजतच नव्हतो. मग मोजणी बदला. तेही नसेल तर हस्तक्षेप बदला, भेटी चालू ठेवा. आवडणं ही चांगली गोष्ट आहे, फक्त तिची नोंद वेगळ्या रकान्यात करा.

निळीशाई

आणि बदलायचं ठरलं तर तारीख टाका. 'पुढे बघू' असा शेरा असलेल्या फाइली तशाच पडून राहतात.